रात्री ड्युटीवर किती जण?

2024 मध्ये महारेराने, म्हणजे महाराष्ट्राच्या गृहबांधणी क्षेत्राच्या नियामकाने, ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना किमान निकष घालून दिले. दारं रुंद हवीत, लिफ्टमध्ये व्हीलचेअर मावली पाहिजे, पायऱ्यांच्या जागी उतार हवा, न्हाणीघरात धरायला दांड्या हव्यात. चांगलंच झालं. पण त्याच राज्यात डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश झालेली वीस माणसं एका बंगल्यात ठेवून दरमहा पैसे घेणाऱ्या केंद्रात रात्री किती कर्मचारी जागे असावेत, असं विचारलं तर बोट ठेवून दाखवावा असा आकडा सरकारने बांधून दिलेला नाही. इमारतीला मापं आहेत, माणसांच्या देखभालीला नाहीत. मग ती मापं घेण्याचं काम कुटुंबावर येतं, आणि आपल्याकडची कुटुंबं नेमकी तिथेच कच्ची पडतात. ती बेफिकीर असतात असं नाही. लाज आडवी येते.

मराठी घरात या विषयाची सुरुवात आणि शेवट एकाच प्रश्नात होतो: ठेवायचं की नाही ठेवायचं? दोन-तीन वर्षं त्यावरच खल चालतो. अमेरिकेतला मुलगा एक म्हणतो, कोथरूडची मुलगी दुसरं, आणि जिच्या अंगावर सगळं पडलेलं असतं त्या सुनेला कुणी विचारत नाही. मग एका रात्री आई बाथरूममध्ये पडते, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं, आणि डिस्चार्जच्या आदल्या दिवशी कळतं की हे आता घरी झेपणार नाही. दोन दिवसांत केंद्र शोधलं जातं. जे गुगलवर वर दिसतं, ज्याचा फोन लगेच उचलला जातो, जिथे खाट रिकामी असते, ते ठरतं. शेजाऱ्यांना सांगितलं जातं, 'आई सध्या धाकट्याकडे आहे.' झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि सोसायटीतल्या आणखी दोन घरांनी तेच केंद्र निवडलेलं असलं, तिथले अनुभव त्यांच्या गाठीशी असले, तरी कोणी कोणाला विचारत नाही, कारण तिघांनीही मूठ झाकलेली असते. वाईट केंद्रं या गप्प बसण्यावर चालतात.

'घरच्यासारखं कुठेच नाही' हे वाक्य खोटं नाही, पण त्यातलं घर कोणतं ते पाहावं. दोन खोल्यांचा फ्लॅट, सेफ्टी डोअरला बाहेरून कुलूप, ब्यूरोतून आलेली बारा तासांची बाई जी दर महिन्याला बदलते, आणि दिवसभर चालू टीव्ही. हीसुद्धा एक संस्थाच झाली, फक्त एका माणसाची आणि पर्यवेक्षकाविना. दुसरीकडे, घराला नीट आधार मिळाला तर खूप काही जमतं, हेही गोव्यात दिसलं आहे. तिथे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 81 कुटुंबं होती. थोडं प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्या घरी जाऊन माहिती, सल्ला आणि धीर देत होत्या. सांभाळणाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्यात त्याने फरक पडला. म्हणजे घर विरुद्ध केंद्र हा वादच मुळात चुकीच्या जागी चालला आहे. आधार असलेलं घर, आधार नसलेलं घर, चांगलं केंद्र, वाईट केंद्र, अशा चार गोष्टी आहेत. यातली चौथी टाळायची असेल तर निवड शांतपणे आणि आधीच करावी लागते.

आधी म्हणजे कधी? नुसती नावं विसरणं, तोच प्रश्न दहादा विचारणं, यासाठी केंद्र नको. त्या टप्प्यावर घर बदललं तर माणूस आणखी गोंधळतो. डे-केअर मिळालं तर उत्तम. वेळ जवळ आल्याच्या खुणा वेगळ्या असतात: रात्रीची झोप पूर्ण उलटीपालटी होणं, दार उघडून रस्त्यावर निघून जाणं एकदा नव्हे दोन-तीनदा घडणं, शी-शूचं भान जाणं, उठवायला-बसवायला दोन माणसं लागणं, आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीचाच रक्तदाब, पाठ नाही तर डोकं जागेवर न राहणं. शेवटची खूण सर्वात आधी दिसते आणि सर्वात शेवटी मोजली जाते. यातल्या दोन खुणा दिसू लागल्या की केंद्रं पाहायला सुरुवात करावी, ठेवायचं वर्षभरानंतर ठरलं तरी.

पाहायला जायचं ते तीनदा. पहिल्यांदा वेळ ठरवून. तेव्हा बाग दिसेल, भिंतीवरचे वाढदिवसाचे फोटो दिसतील, मॅनेजर चहा देईल. दुसऱ्यांदा न सांगता, संध्याकाळी साडेपाच-सहाला. दिवेलागणीची वेळ या आजारात अवघड असते. सावल्या लांबतात, दिवसपाळी सुटून रात्रपाळी यायची असते, आणि माणसांची घालमेल सुरू होते. 'मला घरी जायचंय', 'मुलं शाळेतून आली असतील'. अशा वेळी आजी दाराशी येऊन कडी हलवत असतील तर तिथली मावशी काय करते, ते बघायचं. 'आजी, हेच तुमचं घर, बसा खाली' असं दामटून बसवते, की 'चला, जाऊ या' म्हणत हात धरून बागेला एक चक्कर मारून आणते? घरी जायचंय याचा अर्थ बहुतेक वेळा पत्ता नसतो. भूक असते, लघवी लागलेली असते, भीती असते. हे जिला ठाऊक आहे ती मावशी त्या इमारतीतल्या मार्बलपेक्षा मोलाची.

आणि तिला सहज विचारावं, 'या आजी पूर्वी काय करायच्या?' 'त्या होय, शाळेत होत्या, म्हणून आम्ही त्यांना बाईच म्हणतो' असं उत्तर आलं तर अर्धी तपासणी तिथेच झाली. भाषाही ऐकावी. या आजारात नंतर शिकलेल्या भाषा अनेकदा आधी गळतात आणि लहानपणची बोली मागे उरते. मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या आजींना दिवसभर फक्त हिंदी कानावर पडत असेल, तर 'आजी ऐकत नाहीत' ही तक्रार त्यांच्यामुळे झालेली नसते. परराज्यातून आलेल्या मुली मनापासून काम करतात, प्रश्न त्यांचा नाही. प्रत्येक पाळीत निदान एक जण त्या माणसाच्या भाषेतली हवी.

तिसरी फेरी जेवणाच्या वेळेला, आणि घड्याळ लावून. ज्यांना भरवावं लागतं अशा एका माणसाला नीट भरवायला अर्धा तास लागतो, कधी पाऊण. घास छोटा, गिळल्याची खात्री करून पुढचा, बसवून, मान किंचित पुढे. बारा जणांना भरवायचंय आणि भरवणाऱ्या तिघी आहेत, तर प्रत्येकीच्या वाट्याला चार, म्हणजे किमान दोन तास. तिथलं जेवण पाऊण तासात उरकत असेल तर एकतर घास कोंबले जाताहेत, किंवा ताटं अर्धी परत जाताहेत. कोंबलेला घास श्वासनलिकेत जातो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. या आजारात शेवटच्या टप्प्यात मृत्यू ओढवण्याचं ते एक मोठं कारण आहे. पातळ पाणी, ताक, चहा हे जास्त धोक्याचे, घट्टसर पेज सोपी. आमटीतला पोळीचा अर्धवट कालवलेला तुकडा फसवा: बाहेरून मऊ, आत चिवट. स्वयंपाकघरात जाऊन 'गिळायला त्रास असणाऱ्यांसाठी वेगळं काय करता' असं विचारावं. 'सगळं मिक्सरला फिरवतो' हे उत्तर अर्धवट आहे. वरण, भात, भाजी एकत्र फिरवलेला करडा गोळा कोणालाही खावासा वाटणार नाही. दर महिन्याला वजन घेऊन लिहून ठेवतात का, हेही विचारावं. वहीत वजन नसेल तर उपासमार कोणाच्या लक्षात येत नाही.

आता रात्रीचा हिशेब. समजा वीस माणसं आहेत, त्यातली सहा अंथरुणाला खिळलेली. खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर, खुब्यावर, टाचांवर बेडसोर होतात. एअर बेड असला तरी कूस बदलणं चुकत नाही. डायपर बघून, पुसून, कूस बदलायला दोन माणसांना मिळून दहा मिनिटं. सहा जणांचा एक तास. म्हणजे रात्रपाळीला दोघीच असतील तर दर दोन तासांतला एक तास दोघीही खाटांपाशी अडकलेल्या, आणि उरलेल्या चौदा चालत्या-फिरत्या, गोंधळलेल्या, अंधारात संडास शोधणाऱ्या माणसांकडे बघायला कोणी नाही. त्यात एकीने सुट्टी घेतली, की काम एकटीवर.

पुढे काय होतं ते ओळखणं अवघड नाही. चौदा जणांना झोपवलं जातं. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल ही मनोविकारांवरची (अँटिसायकोटिक) औषधं भयंकर भास, मारहाण अशा प्रसंगी थोड्या दिवसांसाठी लागतात, नाही असं नाही. पण डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये ती मृत्यूचा धोका वाढवतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्ये नव्या पिढीच्या गोळ्यांवर आणि 2008 मध्ये जुन्या पिढीच्या गोळ्यांवरही छापायला लावला. गुंगीतला माणूस पडतो, गिळताना ठसकतो, अंथरुणाला लवकर खिळतो. मग कूस बदलायच्या यादीत सातवं नाव येतं आणि रात्रीचा हिशेब आणखी बिघडतो. म्हणून विचारायचे प्रश्न हे: अशा गोळ्या सध्या किती जणांना चालू आहेत? डोस कोण ठरवतं, मानसोपचारतज्ज्ञ की सिस्टर? वाढवण्याआधी घरच्यांना फोन येतो का? काही महिन्यांनी कमी करून पाहतात का? आणि माणूस अचानक, दोन दिवसांत बिघडला तर गोळी वाढवण्याआधी लघवीची तपासणी करतात का, पोट साफ झालंय का बघतात का? मूत्रमार्गाचा साधा संसर्ग किंवा चार दिवसांची बद्धकोष्ठता यातूनही म्हातारं माणूस भ्रमिष्टासारखं वागू लागतं. त्याला 'आजार वाढला' म्हणणं सोयीचं असतं.

बांधण्याबद्दल मात्र कायदा स्पष्ट आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच स्मृती आणि दिशाकालाचं भान हे शब्द आहेत. त्या कायद्याचं कलम 97 सांगतं की तातडीचा धोका टाळायला दुसरा इलाज नसेल तरच, प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, हव्या तेवढ्याच वेळेपुरतं बांधता येतं, आणि त्याची कारणांसह नोंद लागते. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून बांधता येत नाही. दुपारी हॉलमध्ये खुर्च्यांच्या मागच्या बाजूने एक चक्कर मारावी. पाठीमागे ओढणीची किंवा साडीच्या पट्टीची गाठ दिसली, तर ती कोणत्या वहीत नोंदवली आहे, एवढंच शांतपणे विचारावं. त्याच कायद्याखाली राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, हेही. 'आमचा ट्रस्ट आहे' किंवा 'शॉप अ‍ॅक्ट लायसन्स आहे' हे त्याचं उत्तर होत नाही.

इमारतीबद्दल लोक फार बोलतात, म्हणून थोडक्यात. चकचकीत फरशी ओली वाटते आणि माणूस पाय टाकत नाही. दारातलं काळं पायपुसणं खड्डा वाटतं. पांढऱ्या टाइल्समध्ये पांढरा कमोड दिसतच नाही. सीट रंगीत हवी, आणि संडासाचं दार खाटेवरून दिसेल असं हवं. आरशातली म्हातारी बाई कोण, या भीतीने कोणी खोलीत जाईना तर आरसा झाकता यावा. आंघोळीचं वेगळं. डोक्यावरून अचानक येणाऱ्या शॉवरला ही माणसं घाबरतात, ओरडतात, मारतात, आणि मग 'आक्रमक' असा शेरा फाइलवर पडतो. जन्मभर बादलीतून तांब्याने अंगावर पाणी घेतलेलं असतं. स्टुलावर बसवून, हातात तांब्या देऊन, आधी पायांवर पाणी घेऊ दिलं की निम्म्या वेळा तो शेरा लागत नाही. केंद्रात बादली-तांब्या आहे का बघा. क्षुल्लक वाटेल, पण यावरून तिथल्या कोणी डोकं लावलंय का ते समजतं.

पैशाचं बोलायचं तर पुण्या-मुंबईच्या आसपास चांगल्यापैकी केंद्राचं शुल्क महिन्याला तीस हजारांच्या आगेमागे सुरू होतं आणि साठ-सत्तर हजारांच्या वरही जातं. घरी दोन पाळ्यांच्या दोन बायका ठेवल्या तर खर्च याच्या जवळपास पोहोचतो, हे बरेच जण धरत नाहीत. सांगितलेल्या आकड्यात काय नाही ते मात्र लेखी घ्यावं. डायपर दिवसाला चार-पाच लागतात, औषधं, फिजिओथेरपी, डॉक्टरांची भेट, अ‍ॅम्ब्युलन्स, 'स्पेशल अटेंडंट', यांची बिलं वेगळी येतात. आरोग्य विमा अशा निवासाचा खर्च साधारणपणे देत नाही. सत्तरीच्या पुढच्यांसाठीच्या आयुष्मान कार्डावरही फक्त रुग्णालयातले उपचार होतात. करारातलं सर्वात महत्त्वाचं कलम बाहेर काढण्याचं. नळीतून अन्न सुरू झालं, कॅथेटर लागला, माणूस मारू लागला, तर ठेवणार की आठवड्याच्या नोटिशीवर परत पाठवणार? रात्री दोनला पडले तर कोणत्या हॉस्पिटलात नेणार, सोबत कोण जाणार, फोन किती मिनिटांत करणार? मृत्यू तिथेच झाला तर दाखला कोणता डॉक्टर देणार? हा शेवटचा प्रश्न तोंडातून निघत नाही, पण पहाटे चारला तो पडतो आणि तेव्हा सही करणारं कोणी सापडत नाही. जमलं तर आधी पंधरा दिवस किंवा महिनाभरासाठी ठेवून पाहावं, अनामत रक्कम त्यानंतर.

कागदपत्रांत एक गैरसमज इतका पसरलेला आहे की तो सांगायलाच हवा. 'बाबांनी पॉवर ऑफ अटर्नी करून दिली आहे, काळजी नाही' असं म्हणतात. करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे, अधिकार देणारा विवेकहीन झाला की त्याने दिलेला अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी तो कागद केला, त्याच दिवशी तो कुचकामी. नॅशनल ट्रस्ट कायद्याखालच्या पालकत्वात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी वगैरे येतात, डिमेन्शिया येत नाही. पालक नेमून घ्यायला अनेकांना उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. म्हणून निदान झाल्यावर, समज शाबूत असतानाच, बँक खाती 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' अशी करणं, नामांकनं पाहणं, मृत्युपत्र, आणि वैद्यकीय इच्छापत्र नोटरीसमोर करणं, हे उरकावं. त्याच बसण्यात त्या माणसाला हेही विचारता येतं: पुढे वेळ आली तर तुला कुठे राहायला चालेल? हा प्रश्न आई-वडिलांना विचारणारी घरं फार थोडी. त्यांच्या पाठीमागे त्यांच्याबद्दल ठरवणं आपल्याला सभ्यपणाचं वाटतं.

न्यायचं ठरलं तर सकाळी न्यावं, संध्याकाळी नाही. सोबत त्यांची गोधडी, रोजचा स्टीलचा पेला, देव्हाऱ्यातली तसबीर. चष्मा, कवळी, कानातलं मशीन यांवर नाव घालून. या तीन वस्तू पहिल्याच महिन्यात हरवतात, आणि चष्मा नसलेला माणूस जास्त 'वेडा' दिसतो. दोन पानांवर त्यांचं आयुष्य लिहून द्यावं: हाक कशी मारायची, नोकरी काय, उपास कोणता, चहात साखर किती, कशाने चिडतात, कोणतं गाणं लागलं की गप्प होतात. काही केंद्रं सांगतात, 'रुळेपर्यंत महिनाभर येऊ नका.' हे मानू नये. भेटीनंतर रडारड होते हे खरं, पण पहिल्या महिन्यातच वजन उतरतं, पहिला बेडसोर होतो, पहिली गोळी वाढते. नेमका तोच महिना घरच्यांना दाराबाहेर ठेवणाऱ्या केंद्राला काही दाखवायचं नसावं, असं समजायला हरकत नाही.

यावर रास्त आक्षेप असा की ही चर्चा साठ हजार मोजू शकणाऱ्यांची झाली. खरं आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार साठीपुढच्या भारतीयांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे साधारण 88 लाख माणसं. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त. केंद्रं मात्र शहरांभोवती आणि शहरी खिशाच्या मापाची. गावाकडे याला आजारच म्हणत नाहीत, म्हातारचळ म्हणतात, साठी बुद्धी नाठी म्हणून सोडून देतात. त्यांना महागड्या केंद्रांचा काही उपयोग नाही. आशा कार्यकर्तीला चार गोष्टी शिकवणं, तालुक्याच्या ठिकाणी दिवसाचं केंद्र, गोव्यात करून पाहिलं तसं घरी येणारं माणूस, हे लागेल. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान दीडशे जणांचा एक तरी वृद्धाश्रम हवा असं म्हटलं आहे, पण स्मृतिभ्रंशाबद्दल त्यात वेगळं काही नाही. वृद्धांच्या केंद्रांची आणि घरी सेवा पुरवणाऱ्या एजन्सींची नोंदणी आणणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ते मंजूर झालंच नाही.

महाराष्ट्राला त्यासाठी दिल्लीकडे बघत बसायची गरज नाही. फार मोठा कायदाही नको. डिमेन्शियाच्या प्रत्येक केंद्राने दारावर फळा लावावा: आज राहणारी माणसं किती, त्यातली अंथरुणाला खिळलेली किती, दिवसपाळीला कर्मचारी किती, रात्रपाळीला किती. खाली तपासणीची शेवटची तारीख आणि तक्रारीचा नंबर. रेशन दुकानावर साठ्याचा फळा लागतो, इथे तर माणसं आहेत. रात्रपाळीचा किमान आकडा सरकारने ठरवावा आणि तो तपासायला रात्री यावं.

फळा लागेपर्यंत कुटुंबाच्या हातात फोन आहे. आठवड्यातून एकदा, वार बदलून, रात्री दहा-साडेदहाला केंद्राच्या लँडलाइनवर करायचा, मॅनेजरच्या मोबाइलवर नाही, आणि विचारायचं: आज रात्री ड्युटीवर कोण कोण आहे, त्यांची नावं सांगा.